मागच्या खोलीची हद्द

गादीकाकांनी बसवाल्या ताईंना पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ताई त्यांची पिशवी उचलत होत्या.

निचरा मंडळाची मासिक बैठक चालू होती. ती भरायची अग्निशमन केंद्राच्या वरच्या खोलीत, कारण मंडळाला स्वतःची जागा नव्हती आणि अग्निशमनवाल्यांना वरची खोली लागत नव्हती. लांब टेबलाशी तीन सदस्य आणि चिटणीस, आणि भिंतीलगत नागरिकांसाठी मांडलेल्या खुर्च्यांची एक रांग. बैठक सर्वांना खुली असली पाहिजे असा नियम होता, म्हणून खुर्च्या मांडाव्या लागत. बसायला मात्र कधी कुणी आलं नव्हतं. त्यामुळे तिथे सदस्यांच्या पिशव्या बसत, छत्र्या बसत, आणि एकदा तर सदस्यांपैकी सलूनवाल्यांनी घरी न्यायला घेतलेलं कलिंगड पूर्ण बैठकभर बसून होतं.

ताई आत आल्या, त्यांनी रांगेवरून नजर फिरवली आणि गादीकाकांची पिशवी उचलून विचारलं, "ही कुणाची?"

"माझी," गादीकाका म्हणाले. ते अध्यक्ष होते, पण आवाज उशिरा वर्गात आलेल्या मुलासारखा निघाला.

ताईंनी पिशवी टेबलावर आणून ठेवली आणि त्या खुर्चीत बसल्या. चिटणीस वाचत होते ते थांबले, घसा साफ केला आणि मग इतक्या मोठ्याने वाचू लागले, जणू खोलीत शंभर माणसं होती.

निचरा मंडळ म्हणजे काय, हे त्या गावातल्या बहुतेकांना विचारलं असतं तर त्यांनी खांदे उडवले असते. नगरपालिका सगळ्यांना माहीत होती. पण फार पूर्वी टेकाडाच्या उताराखालच्या वस्तीत पाणी तुंबायचं, आणि नगरपालिकेला इतर व्याप इतके की तिने हात वर केले. तेव्हा उतारावरच्या लोकांनी एकत्र येऊन कायद्याने एक वेगळं मंडळ करून घेतलं. त्याला काम एकच: आभाळातून पडलेलं पाणी नदीपर्यंत पोचवायचं. त्यासाठी त्याची स्वतःची हद्द, स्वतःचा लहानसा कर आणि निवडून दिलेले तीन सदस्य. पिण्याचं पाणी त्याच्याकडे नाही, रस्ते नाहीत, कचरा नाही. फक्त पावसाचं पाणी.

अशी मंडळं गावात आणखीही होती. डासांचं होतं, वाचनालयाचं होतं, रस्त्यावरच्या दिव्यांचं होतं. प्रत्येकाची रेघ वेगळी. एखादी गल्ली दिव्यांच्या हद्दीत असे आणि डासांच्या हद्दीबाहेर. डास ही रेघ पाळत नाहीत, असं सलूनवाले दर बैठकीत म्हणायचे आणि दर बैठकीत एकटेच हसायचे.

निचरा मंडळाची रेघ तर रस्त्यांचंही ऐकत नसे. ती पाण्याच्या वळणाने जायची. टेकाडाच्या माथ्यावरून आखलेली होती: माथ्याच्या पुढच्या अंगाला पडलेलं पाणी मंडळाचं, मागच्या अंगाला पडलेलं कुणाचंच नाही, कारण ते आपलं आपण खडकावरून नदीत जायचं. माथ्यावरच्या गल्लीतली काही घरं या रेघेवरच उभी होती. त्यांच्या पुढच्या छपराचं पाणी हद्दीत पडे, मागच्या छपराचं हद्दीबाहेर. नवा माणूस भेटला की गादीकाकांना हे सांगायला फार आवडायचं. दोन्ही तळहातांचं छप्पर करून ते पाणी इकडे कसं जातं आणि तिकडे कसं जातं ते दाखवायचे.

ते मंडळावर आले तेही गादीमुळेच. आधीचे अध्यक्ष दुकानात गादी घ्यायला आले होते. गादी बघायची म्हणून ते तिच्यावर आडवे झाले, आणि आडव्या आडव्याच म्हणाले, "मंडळावर एक जागा रिकामी आहे, येता का?" झोपलेल्या गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं, म्हणून काका हो म्हणाले. पुढे दर निवडणुकीला तीन जागांसाठी तीनच अर्ज यायचे, त्यामुळे मतदान व्हायचंच नाही. काकांना आयुष्यात कुणी मत दिलं नव्हतं आणि कुणी नाकारलंही नव्हतं. यथावकाश ते अध्यक्ष झाले. घरात काकू हाक मारायच्या, "अध्यक्ष, चहा गाळा." काका गाळायचे. पण अध्यक्षपण त्यांना आवडत होतं. नाली साफ करणारं यंत्र गल्लीत शिरलं की ते दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहायचे, आणि यंत्र चालवणारा हात वर करायचा. तेवढ्याने त्यांचा दिवस चांगला जायचा.

खरं काम गाद्यांचं. दुकान वडिलांचं. वडील फार बोलत नसत, पण पोरगा पहिल्यांदा माप घ्यायला बरोबर निघाला, तेव्हा जिन्यात थांबून त्यांनी सांगितलं होतं की आपण लोकांच्या झोपायच्या खोलीत जातो. डॉक्टर सोडला तर तिथे कुणी परका जात नाही. कोण कुणाजवळ झोपतं, कोण वेगळं झोपतं, कुणाच्या गादीवर म्हातारपणाचे डाग आहेत, हे सगळं आपल्याला दिसणार. ते तिथेच ठेवून यायचं. काकांनी ते ठेवलं होतं. कितीतरी वर्षं अर्ध्या गावाच्या झोपेची बित्तंबातमी त्यांच्याकडे होती, आणि काकूंनी खोदून खोदून विचारलं तरी ते फक्त लांबी-रुंदी सांगायचे.

तर ताई. ताई शाळेची बस चालवत. उंच, आवाज खणखणीत, आणि बोलताना समोरच्याकडे असं बघायच्या की माणूस आपोआप सरळ बसे. त्यांची तक्रार साधी होती. शाळेच्या कोपऱ्यावर, जिथे बस थांबते, तिथे पावसाचं पाणी साचतं. मुलं पायरीवरून उतरतात ती थेट पाण्यात. दिवसभर ओल्या मोज्यांनी वर्गात बसतात.

"तो रस्त्याचा खड्डा आहे," गादीकाका म्हणाले. "रस्ता आमच्याकडे येत नाही."

"पाणी येतं ना?"

"पाणी येतं. खड्डा येत नाही."

"मग खड्ड्यातलं पाणी कुणाचं?"

सलूनवाले हसले. चिटणिसांनी सांगितलं की असा प्रश्न लेखी द्यावा लागेल. ताई रस्तेवाल्यांकडे जाऊन आल्याच होत्या. तिथे त्यांना सांगण्यात आलं होतं की साचलेलं पाणी हा निचऱ्याचा विषय आहे.

पुढच्या महिन्यात त्या परत आल्या. त्याच्या पुढच्याही. आता सदस्य आपापल्या पिशव्या मांडीवर घेऊन बसू लागले. ताई कधी भांडल्या नाहीत. विषय संपले की उठायच्या, कोपऱ्याचं काय झालं ते विचारायच्या, आणि काही झालं नाही हे ऐकून "बरं" म्हणायच्या. त्या "बरं"चा काकांना त्रास व्हायचा. इतकी वर्षं रिकाम्या खुर्च्यांपुढे ते चांगले अध्यक्ष होते. एक खुर्ची भरली आणि आपण काय करतो ते त्यांचं त्यांनाच दिसू लागलं.

मध्यंतरी ताई दुकानात आल्या. सासूबाई पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी घट्ट, न दबणारी गादी सांगितली होती. इथे काकांचा सूर वेगळा होता. हे त्यांचं राज्य होतं. म्हातारीचं वजन किती, कुठल्या कुशीवर झोपतात, उठवताना कुठल्या बाजूने धरता, सगळं त्यांनी विचारून घेतलं आणि माप घ्यायला स्वतः गेले.

घर माथ्याच्या गल्लीत होतं. पुढे बैठकीची खोली, तिच्यात ताईंचा पलंग, मग स्वयंपाकघर, आणि मागे सासूबाईंची खोली. तिथून खडकाखालची नदी दिसत होती. म्हातारी बोलायला तरतरीत होती.

"मापं नीट घ्या हो," ती म्हणाली. "ही शेवटची गादी. पुढची तुम्हाला मिळणार नाही."

"आजी, माझी गादी लोकांना पुरून उरते," काका म्हणाले. म्हातारी इतकी हसली की तिला खुबा दुखला, आणि ताईंनी काकांकडे डोळे वटारले.

निघताना ताईंनी आणखी एक पातळ गादी सांगितली, जमिनीवर टाकायची. हाक मारली तर पुढच्या खोलीत ऐकू येत नाही, म्हणून मी यांच्याजवळच झोपते, म्हणाल्या. सहज बोलल्या, टेप गुंडाळणाऱ्या माणसाशी बोलावं तशा. काकांनी पातळ गादी सांगितल्यापेक्षा थोडी जाड केली, कारण जमीन गार असते. दोन्ही गाद्या स्वतः पोचवल्या. पातळ गादी सासूबाईंच्या पलंगाशेजारी अंथरून दिली आणि तळहाताने दाबून पाहिली. त्या दिवशी त्यांना ताई आवडल्याही होत्या.

निवडणूक जाहीर झाली. नेहमीप्रमाणे तिघांनी अर्ज भरले. शेवटच्या दिवशी चौथा अर्ज आला, ताईंचा.

काकांना आधी राग आला नाही, वाईट वाटलं. एका शब्दाने विचारायचं तरी होतं, असं ते जेवताना म्हणाले. काकू म्हणाल्या, "तुम्हाला विचारून उभं राहायचं? मग अर्ज दुकानातच विकायला ठेवा, गादीवर एक फुकट." काका हसले नाहीत. त्यांनी गणित मांडलं होतं. तीन जागा, चार माणसं. एक पडणार. सलूनवाल्यांच्या खुर्चीत सगळं गाव मान खाली घालून बसतं. तिसरे सदस्य उताराखाली राहतात, तिथले सगळे त्यांचे नातेवाईक. आणि ताईंना प्रत्येक मुलाच्या आईबापाने रोज सकाळी पाहिलेलं. राहिलं कोण?

त्यांनी मतं मागायचा प्रयत्न केला. एका गिऱ्हाइकाला खोळ दाखवता दाखवता म्हणाले की यंदा निचरा मंडळाला मतदान आहे. गिऱ्हाईक म्हणालं, "कसलं मंडळ?" काकांनी तळहातांचं छप्पर केलं, पाणी इकडे, पाणी तिकडे. गिऱ्हाईक खोळीचा रंग बघत राहिलं. इतकी वर्षं आपण अध्यक्ष आहोत आणि हे कुणाला माहीतच नाही, हे काकांना त्या दिवशी कळलं. आणि जे कुणाला माहीत नाही तेही आता जाणार होतं.

अर्जांवर आक्षेप घ्यायची मुदत होती. चिटणीस दुकानात आले, बसले, अर्जांवरून बोलणं निघालं. ताईंचा पत्ता माथ्याच्या गल्लीतला. चिटणीस म्हणाले की तसं बघितलं तर ते घर अर्धं आत, अर्धं बाहेर. काका म्हणाले, मग? चिटणिसांना नियम सांगायला आवडायचं, त्यात त्यांचा काही डाव नव्हता. ते म्हणाले, हद्द घरातून जात असेल तर माणूस झोपतो ती खोली धरायची. झोपायची खोली आत तर माणूस आत. त्यांची पुढची खोलीच असणार, तिथे पलंग आहे असं मी ऐकलंय.

काका सुईत दोरा ओवत होते. ते म्हणाले, "त्या मागच्या खोलीत झोपतात."

चिटणिसांनी वर पाहिलं. "नक्की?"

"गादी मीच घातलीय."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आपण फक्त खरं ते सांगितलं. चिटणीस थोडे पुढे सरकले. मग हळूच म्हणाले की आक्षेप कुणीतरी घ्यावा लागतो, आणि तो हद्दीतल्या मतदारानेच सही करून घ्यावा लागतो. मी नोकर, मला घेता येत नाही. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. काकांनी सही केली. नियम सगळ्यांना सारखा, असं ते सही करताना म्हणाले. सही त्यांना नेहमीपेक्षा ठळक आल्यासारखी वाटली.

सुनावणी निवडणूक अधिकाऱ्यांच्या खोलीत झाली. अधिकारी बाई वयाने लहान होत्या, चष्म्याच्या, मृदू बोलणाऱ्या. पाच-सहा माणसं भिंतीशी उभी होती, त्यातली दोन भलत्याच कामाला आली होती आणि गंमत म्हणून थांबली होती. ताई बस लावून थेट आल्या होत्या. हातात किल्ल्या होत्या.

अधिकारी बाईंनी आक्षेप वाचला. आक्षेप घेणाऱ्याचं नाव वाचलं. ताईंनी काकांकडे पाहिलं, पण अजून त्यांना काही उमगलं नव्हतं. बैठकीतला राग असेल, असंच वाटलं असावं.

"मला एक खाजगी प्रश्न विचारावा लागतोय," अधिकारी बाई म्हणाल्या. "तुम्ही झोपता कुठल्या खोलीत?"

भिंतीशी उभ्या असलेल्यांतलं कुणीतरी फिसकन हसलं. ताईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढी उंच बाई, एवढी मोठी बस चौकात वळवणारी, क्षणभर किल्ल्यांशी खेळत राहिली.

"मागच्या. सासूबाईंजवळ. खाली गादी टाकून."

अधिकारी बाईंनी नकाशा पाहिला. मग त्यांनी नकाशा बाजूला ठेवला आणि दार उघडून द्यावं तसा पुढचा प्रश्न विचारला. तुमचा पलंग पुढच्या खोलीत आहे म्हणता. अधूनमधून तिथेही झोपत असाल ना? बऱ्याचदा?

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. तिथे असलेल्या प्रत्येकाला ते कळलं. काकांनाही कळलं, आणि त्यांच्या मनातून एक विचार सरकन गेला: म्हण, बाई, हो म्हण.

ताईंनी खरोखर विचार केला. मग म्हणाल्या, "नाही. त्या पडल्यापासून नाही. त्या मागे असताना मी पुढे कशी झोपेन?"

अधिकारी बाईंनी मान खाली घातली आणि लिहायला घेतलं. ताई उभ्याच होत्या. आता त्यांचा हिशेब लागला. त्या झोपतात कुठे हे त्यांच्या घरातल्या दोघींना माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, आणि आणखी एकाला. त्या काकांकडे वळल्या. काकांना वाटलं, आता शिव्या देतील. त्यांनी खांदे आवळूनही घेतले.

"गादी चांगली झालीय," ताई म्हणाल्या. "सासूबाईंना झोप लागते."

आणि गेल्या.

तीन जागांना तीन अर्ज उरले. मतदान झालं नाही. काका परत अध्यक्ष झाले.

काकूंना हे सलूनवाल्यांच्या बायकोकडून कळलं. त्या घरी आल्या, पदर खोचून भांडी घासली, पुसली, जागच्या जागी लावली, आणि मग काकांसमोर येऊन बसल्या. इतकी वर्षं मी तुमच्याशी भांडत आले, म्हणाल्या, की बाहेरचं मला काही सांगत नाही. मला वाटायचं, माणूस घुम्या आहे पण पोटात राहतं. माझ्यापासून राखलं आणि चिटणिसाला दिलं. एवढंच बोलून त्या उठल्या.

गावात कुणी काही बोललं नाही. तेच वाईट होतं. बोललं असतं तर त्यांना उत्तर देता आलं असतं. गिऱ्हाइकं येतच होती. एका घरी माप घ्यायला गेले, तर बाईंनी दारातच एक सुतळी हातात दिली. एका गाठीपर्यंत लांबी, दुसऱ्या गाठीपर्यंत रुंदी. आत पसारा आहे, म्हणाल्या. खरंच पसारा असेल. लोकांच्या घरात पसारा असतोच. पण काका सुतळी घेऊन जिना उतरले तेव्हा त्यांचे कान तापले होते. दुसऱ्या घरी आत बोलावलं, तर खोलीच्या उंबऱ्यावर त्यांचे पाय अडले. आत काय आहे ते डोळ्यांना दिसू नये म्हणून ते जमिनीकडे बघत राहिले, आणि माप चुकलं. वडिलांच्या वेळेपासून दुकानात माप चुकलं नव्हतं. गादी परत आणून उसवावी लागली.

पुढच्या बैठकीत भिंतीकडची रांग रिकामी होती. कुणीही तिथे पिशवी ठेवली नाही. विषय संपले, आणि कोपऱ्याचं काय झालं असं कुणी विचारलं नाही, तेव्हा काकांनीच विचारलं. मग त्यांनीच सुचवलं, रस्तेवाल्यांना कळवणारं एक पत्र पाठवून कोपऱ्यापासून मुख्य नालीपर्यंत एक पाइप टाकायचा, खड्डा कुणाचाही असो. सलूनवाले म्हणाले, टाकू की. तिसरे म्हणाले, टाकू. चिटणीस म्हणाले, नियमात बसतं. चहा यायच्या आत विषय मंजूर झाला. सगळे जण चहाची वाट बघू लागले, आणि काका आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसले. इतकंच होतं. ती बाई किती महिने येत होती, आणि हे एवढंच होतं.

तरी ताईंच्या गेलेल्या जागेचं राहिलंच. काकांनी चिटणिसांना बाजूला घेऊन विचारलं की मी राजीनामा दिला तर? चिटणीस म्हणाले, तर उरलेले दोघे हद्दीतल्या कुणालातरी नेमतील, ताई हद्दीबाहेरच्याच. मग हद्द बदलता येते का? येते. घरमालकाने अर्ज केला की मंडळ रेघ थोडी सरकवू शकतं, मागची खोली आत घेऊ शकतं. घर ताईंच्या नावावर आहे. अर्ज त्यांनीच करायला हवा.

म्हणजे जायला हवं होतं. काका बरेच दिवस गेले नाहीत. गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे, कुणाशी तरी बोलल्यासारखं करायचे आणि परत यायचे. एकदा बस समोरून आली तर ते चपलेचा अंगठा नीट करायला खाली बसले आणि बस जाईपर्यंत उठले नाहीत. साठीच्या माणसाला असं लपताना पाहून पानवाला काही म्हणाला नाही, हीसुद्धा त्याची मेहेरबानी.

अखेर एका दुपारी ते गेले. ताईंनी दार उघडलं. काकांनी पाठ केलं होतं ते सगळं एका दमात बोलून टाकलं: नियम असा आहे, अर्ज असा करायचा, रेघ इतकी सरकेल, मागची खोली आत येईल, मी जागा सोडतो, बाकीचे दोघे तुम्हाला घेतील, मी बोललोय. बोलताना त्यांचे हात आपोआप छप्पर करू लागले. ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात खाली घेतले.

ताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मागच्या छपराचं पाणी तुमच्याकडे येतं का?"

"नाही."

"मग ते येतं असं मी कशाला लिहून देऊ? तिथेही खोटं बोलले नाही मी."

कोपऱ्यावर पाइप टाकलाय, ते म्हणाले. पाहिला, ताई म्हणाल्या. मुलांचे मोजे कोरडे राहतात आता. त्यांनी ते चांगलं आहे तसं सांगितलं, आभार म्हणून नाही आणि टोमणा म्हणूनही नाही.

"ताई, माझं चुकलं," काका म्हणाले. "नियमाचं नाही म्हणत मी. खोलीचं. मला तिथे घेतलं होतं तुम्ही."

ताई दाराच्या चौकटीला टेकल्या. पहिल्यांदा त्या दमलेल्या दिसल्या. "मला जागेचं काही वाटलं नाही हो," त्या म्हणाल्या. "जागेसाठी मी भांडले असते. त्या खोलीत ते लोक हसले ना, त्याचं वाटलं. घरी आले तर सासूबाईंनी विचारलं, काय झालं. काय सांगू? तुमच्यामुळे, असं सांगू?"

आतून म्हातारीची हाक आली. कोण आहे ग? ताईंनी वळून सांगितलं, कुणी नाही, गादीकाका. म्हातारी आतूनच ओरडली की बरं झालं आले, गादी खिडकीच्या बाजूला बसलीय, मी घसरते आहे, बघा म्हणावं.

ताईंनी काकांकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या. वाट मोकळी होती: पुढची खोली, स्वयंपाकघर, आणि पलीकडे उघड्या दारातून दिसणारी पलंगाची कड. काकांनी एक पाऊल आत टाकलं. पलंगाच्या शेजारी जमिनीवर गुंडाळून ठेवलेली पातळ गादी दिसली. त्यांनीच अंथरली होती, त्यांनीच दाबून पाहिली होती. त्यांचं पाऊल परत आलं.

"काकूंना पाठवतो," ते म्हणाले. "तिला जमतं हे. मी तिला सांगतो कसं करायचं."

"तुम्हीच आला आहात तर," ताई म्हणाल्या.

"नको ताई. मला आत नको घेऊ."

आयुष्यात पहिल्यांदा ते ताईंना एकेरी बोलले होते, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. ताई परत दाराशी आल्या. मग "बरं" म्हणाल्या. हे "बरं" बैठकीतल्यासारखं नव्हतं, पण ते कसलं होतं हे काकांना घरी जाईपर्यंत ठरवता आलं नाही.

घरी जाऊन त्यांनी काकूंना सुई, दोरा आणि मुठीएवढा कापूस काढून दिला, आणि उसवायचं कुठून आणि भरायचं किती हे स्वतःच्या गादीवर करून दाखवलं. काकू गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. झालं का, काकांनी विचारलं. झालं, म्हणाल्या. आणखी काय म्हणाल्या त्या, काकांनी विचारलं. काकूंनी सुई डबीत ठेवली, डबी फळीवर ठेवली, आणि गादीची लांबी-रुंदी सांगितली.

काकांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. त्यांच्या जागी उताराखालच्या एका चष्मेवाल्याला नेमलं. त्यालाही मंडळ म्हणजे काय हे आधी माहीत नव्हतं. ताईंच्या सासूबाई अजून आहेत, ताई अजून मागच्या खोलीत झोपतात आणि अजून बस चालवतात.

गादीकाका दुकानात बसून गाद्या शिवतात. माप घ्यायला लोकांच्या घरी काकू जातात.